सेल्फ का लागत नाही?

(वरकुटे येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



विहिरीवरचे डिझेल इंजीन तुमच्यापैकी पुष्कळांनी चालवले आहे. ते कसे सुरू होते, आठवून बघा. आधी वरचा खटका उचलायचा, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही. मग हँडल घालून चाक जोराने फिरवायचे. चाकाला गती आली की खटका पाडायचा. इंजीन धाड् धाड् सुरू होते. त्यात वीज कुठे आली? कुठेच नाही. बॅटरी नाही, वायर नाही.

मग जुन्या डिझेल जीपला वीज का लागते? सकाळी सकाळी ती का रुसते? आणि ती रुसली म्हणजे आपण कुठे बघायचे? आज एवढ्यावरच बोलायचे आहे. आमचा धंदा शाळेचा, गॅरेजचा नव्हे. पण एका रात्री आमच्यावर असा प्रसंग आला की पुढे हे शिकून घेणे भाग पडले. तो प्रसंग आधी सांगतो.

२००९ सालचा डिसेंबर महिना होता. थंडी कडाक्याची होती. शेजारच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री दोनच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. तिची आई कंदील घेऊन आमच्या दारात आली. आज १०८ नंबर लावला की रुग्णवाहिका येते. पण ती सेवा आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. त्या रात्री गल्लीत एकच गाडी होती, आमच्या पुतण्याची जुनी डिझेल जीप.

पोरीला जीपमध्ये बसवले. पुतण्याने चावी फिरवली. 'टक्' असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. पुतण्या म्हणाला, "काका, बॅटरी नवी हाय. वीस दिवस झालं नाहीत. तरी उठंना." गाडी ढकलून सुरू करावी, तर पुढे उसाची ट्रॉली आणि मागे भिंत. तो चावी फिरवतच राहिला. तेवढ्यात पोरीचा भाऊ ओरडला, "धूर! धूर येतोय!" बघितले तर रेसच्या पायपट्टीकडून इंजिनाकडे जाणारी बारीक तार तापून धूर सोडत होती. ज्या तारेचा विजेशी काही संबंध नाही, ती तार तापली कशी? आम्हांला काही उमजेना.

शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर ड्रायव्हर उठून आला. त्याने ती तार पाहिली आणि हसला. म्हणाला, "गुरुजी, बॅटरी धड हाय. अर्थिंग गेलंय." त्याने आपल्या ट्रॅक्टरवरून एक जाड वायर आणली. तिचे एक टोक बॅटरीच्या वजा खुंटाला लावले, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. चावी फिरवली आणि पहिल्या झटक्याला जीप सुरू झाली! पोर इंदापूरला वेळेत पोचली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी खाली वाकून बघितले. इंजीन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची चपटी पट्टी गंजून तुटायला आली होती. नवी पट्टी अगदी थोड्या पैशांत मिळाली. पण त्याआधी वीस दिवस, एका दुकानात "बॅटरी गेली" म्हणून सांगितले, तेव्हा पुतण्याने हजारो रुपयांची नवी बॅटरी घेतली होती आणि जुनी बदल्यात देऊन टाकली होती. ती जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती.

आता मुळापासून बघू.

डिझेल इंजीन रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने काढले. १८९७ साली जर्मनीत ते नीट चालले. त्याची युक्ती सोपी आहे. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हा तुमचा अनुभव आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबतात की वीस घागरी हवा एका घागरीत बसावी. ती पाचशे अंशांच्याही वर तापते. तिच्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. पेट्रोल गाडीसारखी ठिणगी लागत नाही.

पण हवा इतकी दाबायची तर इंजीन जोरात फिरवले पाहिजे. जीपच्या इंजिनात चार सिलिंडर. डिझेलच्या दाबामुळे ते हाताने फिरवणे कठीण. म्हणून विजेची मोटर बसवतात. तिला आपण सेल्फ म्हणतो. असा विजेचा सेल्फ मोटारगाडीत नेहमीचा झाला तो अमेरिकेत, १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीपासून. तो चार्ल्स केटरिंग यांनी बनवला होता. त्यापूर्वी हँडल मारण्यात कित्येकांची मनगटे मोडली.

विजेचे दुसरे काम ऊब देण्याचे. थंडीत इंजिनाचे लोखंड गार असते. दाबलेल्या हवेची ऊब ते शोषून घेते. म्हणून बऱ्याच गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी अर्धी फिरवून थोडा वेळ थांबलो की तो लाल होतो. काही गाड्यांत विजेचे तिसरेही काम असते. डिझेलच्या पंपावर विजेने उघडणारी एक छोटी झडप असते. चावी लावली की ती उघडते, काढली की मिटते. जुन्या जीपमध्ये बहुधा ती नसते. तिथे इंजीन बंद करायला ओढायची तार असते.

एकदा इंजीन सुरू झाले की ते स्वतःच्या बळावर चालते. म्हणून डिझेल गाडीचे विजेचे दुखणे मुख्यतः सुरू करतानाचेच.

आता वीज वाहते कशी? आमच्या लहानपणी विहिरीवर रहाटगाडगे असे. भरलेली गाडगी वर येतात, रिकामी खाली जातात. माळ पूर्ण गोल पाहिजे. वर येणारी बाजू तुटली तरी रहाट थांबतो आणि खाली जाणारी तुटली तरी थांबतो. विजेचे तसेच आहे. बॅटरीच्या अधिक खुंटावरून ती निघते, जाड वायरीतून सेल्फला जाते, सेल्फमध्ये काम करते आणि परत वजा खुंटाला येते. परतीसाठी वेगळी वायर घालत नाहीत. इंजीन आणि सांगाडा यांच्या लोखंडातूनच ती परत येते. यालाच मेस्त्री लोक अर्थिंग म्हणतात. इंजीन रबरावर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ती तांब्याची पट्टी लागते. आमच्या जीपची पट्टी तुटली तेव्हा विजेने परतीची दुसरी वाट शोधली. ती वाट म्हणजे रेसची बारीक तार. म्हणून ती तापली.

आता तुम्ही विचाराल, अर्थिंग तुटले होते, तर गाडीचे दिवे कसे लागत होते? फार चांगला प्रश्न आहे. एक तर बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्यांचे अर्थिंग सांगाड्याला वेगळे असते. पण दुसरेही कारण आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, इंदापूर करून पंढरपूरला जाते, हे तुम्ही दरवर्षी बघता. एकटा वारकरी बोळातूनही निघून जाईल. पण सगळी दिंडी जायची तर रुंद रस्ता पाहिजे. समोरच्या एका दिव्याला सुमारे ५ अँपिअर वीज लागते. तो एकटा वारकरी. डिझेल गाडीच्या सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागते आणि पहिल्या झटक्याला त्याहूनही जास्त. ती दिंडी. गंजलेल्या जोडातून दिव्यापुरती वीज जाते, सेल्फपुरती जात नाही. 'दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे' असे कुणी म्हणाले तर ते मानू नका.

ही गोष्ट पक्की झाली की शोध सोपा होतो.

रात्री अंधारात किंवा गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करा. समोरचे दिवे लावा. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने बाजूला उभे राहून दिव्यांकडे बघावे. दिवे काय सांगतात ते ऐका.

दिवे आधीपासूनच मिणमिणते आहेत आणि सेल्फने 'टक-टक-टक-टक' असा भरभर आवाज केला, तर बॅटरी उतरली आहे. दिवे चांगले होते, पण चावी फिरवताच एकदम विझले आणि चावी सोडल्यावर पुन्हा लागले, तर बॅटरीच्या खुंटावरचा जोड ढिला किंवा गंजलेला आहे. हा दोष फार आढळतो. दिवे झगझगीत राहिले आणि आवाजच आला नाही, तर चावीकडून सेल्फकडे जाणाऱ्या बारीक वायरीत दोष आहे. ती निसटली असेल, नाही तर चावीचा स्विच झिजला असेल. दिवे झगझगीत राहिले आणि 'टक्' असा एकच आवाज आला, तर सेल्फच्या जाड वाटेत अडथळा आहे. अर्थिंगची पट्टी, जाड वायरीचा जोड, सोलेनॉइड किंवा सेल्फच्या आतले कार्बन यांपैकी काही तरी. आमची जीप हीच भाषा बोलत होती. आम्हांला ती समजत नव्हती. आणि सेल्फ घर्रर्र फिरतो पण इंजीन हलत नाही, तर वीज ठीक आहे. सेल्फचे दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, इंजिनाच्या चाकात अडकत नाही. ते गॅरेजचे काम.

बॅटरीकडे वळू. अधिक आणि वजा ही चिन्हे तुम्ही बेरीज-वजाबाकी शिकताना लिहिली आहेत. तीच दोन चिन्हे बॅटरीवर कोरलेली असतात. नीट वाचा. धुळीने झाकली असतील तर पुसून वाचा. आपल्या गाड्यांत वजा बाजू लोखंडाला जोडतात. अधिक बाजू सेल्फला जाते.

खुंटावर पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल तर जोड साफ करा. आधी वजा बाजूची वायर सोडा, मग अधिकची. बसवताना उलट. आधी अधिक, शेवटी वजा. हा क्रम का? अधिकचा नट खोलताना पान्हा गाडीच्या लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते आणि पान्हा लाल होतो. वजाची वायर आधीच सुटलेली असेल तर पान्हा टेकला तरी काही होत नाही. मग गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती भुकटी धुवा. ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. खुंट आणि वायरीचे तोंड ब्रशने चकाकेपर्यंत घासा. नट घट्ट आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा.

बॅटरीत पाणी घालायचे तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्याकडचे विहिरीचे पाणी क्षाराचे. ते बॅटरीला विष आहे. ॲसिड घालून बॅटरी सुधारते अशी समजूत आहे, ती चुकीची.

कुणाकडे मीटर असेल तर आणखी सोपे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. १२ च्या खाली आली तर आधी चार्ज करून घ्या. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. आता अर्थिंग तपासायचे. मीटरची एक तार बॅटरीच्या वजा खुंटावर धरा, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला तर परतीची वाट साफ आहे. जास्त आला तर पट्टी आणि जोड बघा. मीटर नसेल तर ट्रॅक्टर ड्रायव्हरची युक्ती करा. जाड वायर वजा खुंटावरून इंजिनाला लावा. सेल्फ जोरात फिरला, तर दोष पट्टीतच.

आणखी एक खूण. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर जोडांजवळ हात न्या, पण पकडू नका. जो जोड गरम लागतो, तिथे वीज अडखळते आहे.

कधी कधी सेल्फ झकास फिरतो, पण इंजीन पेट घेत नाही. आता मागे जाऊन धुराच्या नळीकडे बघा. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोचत नाही. टाकी बघा. पंपावर विजेची झडप असलेल्या गाडीत तिची बारीक वायर निसटली आहे का तेही बघा. चावी लावताच त्या झडपेतून हलका 'टक्' ऐकू आला पाहिजे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. थंडीत हे झाले तर संशय हीटर प्लगांवर घ्यावा.

हीटर तपासायला एक दिवा करून घ्या. १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचे होल्डर आणि दोन वायरी. हे हत्यार कुणीही घरी करू शकतो. चावी बंद ठेवा. हीटर प्लगांना जोडणारी वरची पट्टी काढा. दिव्याची एक वायर बॅटरीच्या अधिक खुंटाला लावा, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. दिवा लागला तर तो प्लग जिवंत. नाही लागला तर आतली तार तुटली, तो बदला. चारांपैकी एक गेला तर गाडी कुरकुरत उठते, तीन गेले तर थंडीत उठतच नाही. काही फार जुन्या गाड्यांत मात्र हीटर एकामागोमाग एक साखळीने जोडलेले असतात. तिथे एक गेला की सगळेच बंद. चारही प्लग जिवंत निघाले, तर त्यांच्यापर्यंत वीज येते का, ते बघायचे. फ्यूज, रिले आणि वायर तपासायची.

प्लग गेले म्हणून हवेच्या तोंडात ईथरचा फवारा मारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. हीटर असलेल्या इंजिनात हे करणे म्हणजे दारूगोळ्याजवळ काडी ओढणे. इंजीन फुटते, माणूसही भाजतो.

दुसरी एक वाईट सवय आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. सेल्फ लागला नाही की खाली उभे राहून सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. ट्रॅक्टरवाले हे फार करतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल, तर इंजीन सुरू होताच ती पुढे उडी घेते आणि समोर तोच माणूस उभा असतो. या प्रकाराने ट्रॅक्टरखाली माणसे मेली आहेत. बाबांनो, हे करू नका. वडीलधारे करताना दिसले तर त्यांनाही हात जोडून सांगा.

बॅटरीजवळ विडी पेटवू नका. चार्ज होताना तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने भडकतो. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर पाणी मारत राहा आणि दवाखाना गाठा. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाही तर सेल्फ जळतो.

बॅटरी दर दोन दिवसांनी उतरत असेल, तर दोन शक्यता. एक, चालू इंजिनावर ती भरत नाही. इंजीन चालू असताना मीटरवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. नसेल तर आधी पट्टा ढिला आहे का बघा, मग डायनॅमोकडे जा. दुसरी शक्यता, गाडी बंद असताना कुठे तरी वीज झिरपते. सगळे बंद करून वजा वायर काढा. वायर आणि खुंट यांच्यामध्ये आपला दिवा धरा. दिवा पेटला तर चोर आहे. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला दिवा विझला, त्या वाटेवर चोर.

सोलेनॉइड आणि सेल्फ उघडण्याच्या भानगडीत आपण पडू नये. ते मेस्त्रीचे काम. पण मेस्त्रीकडे जाताना कागदावर लिहून न्या. 'दिवे लावले, झगझगीत राहिले, टक् आवाज एकदा आला, अर्थिंग तपासले, ठीक आहे.' एवढ्या दोन ओळी वाचल्या की मेस्त्री सरळ सेल्फला हात घालतो. बॅटरी घेतली ती तारीख तिच्या अंगावर रंगाने लिहून ठेवा. आता तुम्हांला लिहिता येते.

बाहेर पुतण्याची जीप उभी आहे. तिच्यात आम्ही मुद्दाम एक दोष करून ठेवला आहे. गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे. दिवा, पान्हा आणि सोड्याचे पाणी ओट्यावर ठेवले आहे. दोघादोघांनी यायचे. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने दिव्यांकडे बघायचे आणि काय दिसले ते पाटीवर लिहून आम्हांला दाखवायचे. चला, उठा.